सिंथेसायझर संगणकावर घेताना आवाज बिघडतो तेव्हा: माइकचा जॅक, यूएसबी, साऊंड कार्ड की मिडी?

ऑर्केस्ट्रात वाजवणारे, भजनी मंडळाला साथ करणारे, धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी एखादे भीमगीत तयार करून ठेवू पाहणारे असे कीबोर्डवादक माझ्याकडे येतात तेव्हा सुरुवात बहुधा एकाच तक्रारीने होते. कीबोर्ड चांगला आहे, लॅपटॉपही बरा आहे, स्पीकरवर वाजवले तर ऐकणारा मान डोलावतो. पण तेच वाजवणे लॅपटॉपमध्ये घेतले की आवाज पातळ, फाटका किंवा घरघरणारा होतो. "भाऊ, आवाज काहून असा येऊन राहिला?" या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, तो म्हणजे साऊंड कार्ड, अर्थात लॅपटॉपला बाहेरून जोडून आवाज आत घेणारी पेटी, कोणते घेऊ. माझ्या मते हा दुसरा प्रश्न घाईचा आहे. कीबोर्डमधला आवाज संगणकात नेण्याच्या चार-पाच वाटा आहेत, प्रत्येक वाटेवर तो वेगळ्या रीतीने बिघडतो, आणि त्यांतल्या दोन वाटांना तर एका केबलीपलीकडे किंवा पेन ड्राइव्हपलीकडे खर्चही नाही. त्यामुळे आधी वाट ठरवावी आणि मग यंत्राची निवड करावी, या क्रमाने ही तुलना मांडली आहे. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला सर्रास 'कॅसिओ' म्हणतात. पुढे जे लिहिले आहे ते कोणत्याही कंपनीच्या सिंथेसायझरला आणि अरेंजर कीबोर्डला (साथीचा ताल स्वतःच वाजवणाऱ्या) सारखेच लागू आहे.

बिघाड कोणत्या जातीचा आहे

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. चांगला हेडफोन थेट कीबोर्डला लावून तोच टोन ऐकावा. तिथेच आवाज खराब असेल तर संगणकाचा दोष नाही. टोनवर चढवलेला जास्तीचा रिव्हर्ब (घुमारा), संपत आलेली बॅटरी, सैल झालेला ॲडॅप्टर किंवा झिजलेला व्हॉल्यूमचा खटका यांपैकी काहीतरी कारण निघते. हेडफोनवर आवाज स्वच्छ असेल, तर तो पुढच्या वाटेवर कुठेतरी बिघडतो आहे असे समजावे.

त्यानंतर खराबीचा प्रकार कानाने ओळखता येतो. एकसुरी घुमघुम सतत येत असेल, कीबोर्ड न वाजवताही येत असेल, तर ती विजेची आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ती ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, म्हणजे १००, १५० हर्ट्झवर ऐकू येते. माऊस हलवला किंवा पान सरकवले की बदलणारी बारीक शिट्टी संगणकाच्या आतली असते. पावसासारखी सपाट सरसर हे आवाज फार हळू घेऊन नंतर वाढवल्याचे लक्षण आहे, तर जोरात वाजवल्यावर फक्त वरच्या टोकाला फाटणारा आवाज हे उलट टोकाचे. मध्येच टक्-टक् होत असेल किंवा सूर क्षणभर गायब होत असेल, तर संगणक दमला आहे. आणि आवाज पोकळ, दूरवरून आल्यासारखा असेल, तर पिन चुकीची आहे. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण नवख्या माणसाला सर्वाधिक गोंधळात टाकणारा दोष हाच आहे.

लॅपटॉपचा माइकचा जॅक

ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट वाट आहे, असे स्पष्टच सांगतो. माइकमधून येणारा विजेचा दाब काही मिलिव्होल्ट इतकाच असतो, आणि म्हणून माइकच्या जॅकच्या मागे तो कितीतरी पट वाढवणारे सर्किट बसवलेले असते. घरगुती ध्वनियंत्रांच्या लाइन पातळीचा, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या आवाजाचा, दाब मात्र सुमारे ०.३ व्होल्ट आणि स्टुडिओच्या यंत्रांचा सुमारे १.२ व्होल्ट धरला जातो. म्हणजे कुजबूज ऐकण्यासाठी बनवलेल्या कानाशी कीबोर्ड शंभर पट मोठ्याने बोलत असतो, आणि मग कीबोर्डचा व्हॉल्यूम अगदी खाली आणूनही तबल्याचा ठोका फाटतोच. शिवाय हा जॅक बहुतेक लॅपटॉपांत मोनो, म्हणजे एकाच बाजूचा, असतो, त्यामुळे स्टिरिओ पियानोची एक बाजू तरी जाते किंवा दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात. आणि छोट्या माइकला वीज पुरवण्यासाठी त्याच तारेवर काही व्होल्टचा दाब सोडलेला असतो, ज्याची कीबोर्डला काहीही गरज नसते.

त्याहून मोठा घोळ नव्या लॅपटॉपांवरच्या एकत्रित जॅकचा आहे. हेडफोन आणि माइक एकाच भोकात असतील, तर माइकची जोडणी पिनेच्या चौथ्या कड्यावर, म्हणजे धातूच्या चौथ्या भागावर, असते. आपण बाजारातून आणलेली साधी स्टिरिओ पिन तीनच कड्यांची असते. ती घातल्यावर लॅपटॉप तिला हेडफोन समजतो आणि कीबोर्डचा आवाज आत जातच नाही. तरीही रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी वाजताना दिसते, कारण लॅपटॉपने स्वतःचा आतला माइक चालू ठेवलेला असतो आणि तो खोलीतल्या स्पीकरमधून येणारा आवाज टिपत असतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरात एका वादकाने तीन महिने अशाच रीतीने गाणी घेतली होती. "कीबोर्डमध्ये पंख्याचा आवाज येतो" ही त्याची तक्रार ऐकून मी रेकॉर्डिंग चालू ठेवले आणि लॅपटॉपच्या झाकणावर नखाने दोनदा टकटक केली. ती टकटक पडद्यावरच्या लहरीत दोन सुळक्यांसारखी उमटली आणि तिथेच प्रश्न मिटला. केबल लावलेली असूनही झाकणावरची टकटक रेकॉर्ड होत असेल, तर केबलचा काहीच उपयोग होत नाही आहे.

डेस्कटॉप संगणकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या मागच्या बाजूला गुलाबी, हिरवा आणि निळा असे जॅक असतात. गुलाबी माइकचा आणि निळा लाइन-इनचा. निळ्या जॅकला स्टिरिओ लाइन पातळी चालते, म्हणून तिथे कीबोर्ड लावला तर कामचलाऊपेक्षा बराच चांगला आवाज मिळू शकतो. घरात जुना डेस्कटॉप धूळ खात पडला असेल, तर नवे काही घेण्याआधी हा प्रयोग जरूर करावा. लॅपटॉपवर मात्र निळा जॅक जवळजवळ दिसतच नाही.

दोन-अडीचशे रुपयांना मिळणाऱ्या यूएसबी डोंगलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिच्यातला आत जाण्याचा जॅकही बहुधा माइकचाच आणि मोनोच असतो, म्हणजे वरचे सगळे दोष यूएसबीच्या टोकाला नेऊन लावल्यासारखे होते. मी स्वतः एकदा अशी डोंगल वापरून भजनाचे पूर्ण रेकॉर्डिंग केले आणि घरी येऊन पाहिले तेव्हा उजवी बाजू पूर्ण कोरी होती. तेव्हापासून मी तिचा उपयोग फक्त ऐकण्यासाठी करतो.

कीबोर्डचीच यूएसबी, आणि पेन ड्राइव्ह

दुसऱ्या टोकाला ही वाट आहे आणि माझ्या मते ती फार दुर्लक्षित आहे. कीबोर्डच्या आत आवाज आकड्यांच्या रूपातच तयार होतो. जॅकमधून बाहेर काढताना त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर होते आणि संगणकात शिरताना त्या लहरीचे पुन्हा आकडे होतात. या दोन रूपांतरांच्या मध्येच घुमघुम, सरसर आणि फाटणे हे सगळे घुसते. कीबोर्डची यूएसबी जर आवाज थेट आकड्यांच्या रूपात पाठवत असेल, तर यांतले काहीही घुसायला जागा उरत नाही. लेव्हल जुळवण्याची कटकट नाही, डावी-उजवी उलटण्याची भीती नाही.

अडचण अशी की कीबोर्डच्या मागे चौकोनी यूएसबी पोर्ट दिसले म्हणजे त्यातून आवाज जातोच असे नाही. अनेक मॉडेलांत त्यातून फक्त मिडी जाते, म्हणजे कोणती पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली याचा हिशेब जातो, आवाज नाही. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ आणि पीएसआर-ई४६३ या तुलनेने साध्या कीबोर्डांत यूएसबीवरून आवाज जाण्याची सोय आहे, आणि त्यांच्याहून महाग असलेल्या काही कीबोर्डांत ती नाही. किमतीवरून अंदाज बांधू नये. मॅन्युअलमध्ये 'यूएसबी ऑडिओ' असे शब्द स्पष्ट आहेत का ते पाहावे. नुसते 'यूएसबी टू होस्ट' असे लिहिले असेल तर ते पुरेसे नाही.

जिथे यूएसबीची ही सोय नाही, तिथे पेन ड्राइव्हचे भोक पाहावे. यामाहाच्या पीएसआर-एस९७० सारख्या अरेंजर कीबोर्डांत वाजवलेले सगळे थेट पेन ड्राइव्हवर वेव्ह फाइल म्हणून साठवता येते. ही फाइल ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची, म्हणजे ऑडिओ सीडीच्या दर्जाची असते आणि मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते. संगणक सुरू करण्याचीही गरज नाही. वाजवायचे, पेन ड्राइव्ह काढायचा, लॅपटॉपला लावायचा. ज्याला एकट्या कीबोर्डचा स्वच्छ ट्रॅक हवा आहे आणि गायकाला तो नंतर ऐकवायचा आहे, त्याने दुसरे काही घेऊच नये असे मला वाटते. काही उपकरणांत 'रेकॉर्ड' या बटणाने आवाज न साठवता फक्त वाजवण्याचा हिशेब मिडी फाइलमध्ये साठतो. ती फाइल लॅपटॉपवर उघडली की भलताच बाजा ऐकू येतो. हा बिघाड नसून चुकीच्या प्रकारची फाइल निवडल्याचा परिणाम आहे.

या वाटेची मर्यादाही सांगायला हवी. पेन ड्राइव्हवर सर्व टोन आणि रिदम एकाच स्टिरिओ ट्रॅकमध्ये मिसळून येतात. नंतर फक्त बेस कमी करा किंवा फक्त बासरी पुढे आणा असे म्हटले तर ते शक्य होत नाही. त्यासाठी एकेक भाग वेगळा वाजवून घ्यावा लागतो. आणि गायकाचा माइक, हार्मोनियम, ढोलकी हे सगळे सोबत घ्यायचे असेल, तर साऊंड कार्डाला पर्याय नाही.

साऊंड कार्ड: इथे पैसे लागतात, म्हणून इथे थांबून विचार करावा

दुकानात सांगितले जाते ते बहुधा बिट आणि किलोहर्ट्झ यांचे आकडे. ते आकडे खोटे नसतात, पण कीबोर्ड रेकॉर्ड करणाऱ्याचा निर्णय त्यांवर अवलंबून नसतो. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डीबी (डेसिबल) मिळते, २४ बिटमध्ये कागदोपत्री १४४. २४ बिटचा खरा फायदा इतकाच, की लेव्हल थोडी खाली ठेवूनही सरसर वाढत नाही. ४४.१ किलोहर्ट्झवर २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर टिपले जातात आणि माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही; त्यामुळे १९२ किलोहर्ट्झसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात कीबोर्डवादकाला काही मिळत नाही.

निर्णय ठरतो तो पुढच्या बाजूला किती आणि कोणते जॅक आहेत यावर. कीबोर्ड स्टिरिओ आहे, म्हणून एकाच वेळी दोन लाइन इनपुट हवेत. 'दोन इनपुट' असे खोक्यावर छापलेले असले तरी त्यांतला एक फक्त माइकसाठी आणि एक फक्त गिटारसाठी असू शकतो. उदाहरणार्थ, फोकसराइटच्या स्कार्लेट सोलोमध्ये एक माइकचे आणि एक वाद्याचे अशी इनपुटची वाटणी आहे. गाणारा-वाजवणारा एकटा माणूस असेल तर ती सोयीची आहे, पण स्टिरिओ कीबोर्डसाठी तिच्याच मालिकेतले २आय२ हे योग्य, कारण त्याचे दोन्ही इनपुट लाइनवर चालतात. बेरिंजरचे यूएमसी२२ आणि यूएमसी२०२एचडी यांतही फरक हाच आहे: पहिल्यात दुसरा जॅक गिटारसाठीचा, दुसऱ्यात दोन्ही सारखे. आणि माइक लावायचाच नसेल, फक्त कीबोर्डच घ्यायचा असेल, तर बेरिंजरचेच यूसीए२२२ हे लहानसे लाल उपकरण पाहावे. त्याला माइकचा जॅक नाही, गेनचा (आत येणारा आवाज वाढवण्याचा) खटका नाही, आरसीएचे (गोल लाल-पांढऱ्या पिनांचे) दोन लाइन इनपुट आहेत, दर्जा १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झपर्यंत. दुकानदार ते दाखवायला फारसे उत्सुक नसतात, पण एकट्या कीबोर्डवादकाला ते बहुतेक वेळा पुरते.

गिटारच्या इनपुटला कीबोर्ड लावण्याचा मोह टाळावा. तो जॅक गिटारच्या क्षीण सिग्नलसाठी असतो, त्यामुळे कीबोर्ड तिथे चटकन फाटतो. कार्डावर 'इन्स्ट' नावाचे बटण असेल तर ते बंद ठेवावे. कीबोर्ड हे वाद्य आहे म्हणून ते चालू करणारे बरेच जण मी पाहिले आहेत, आणि बटणाचे नाव त्याला जबाबदार आहे हे मान्य करावे लागेल.

आता पोकळ आवाजाविषयी. अनेक लहान कीबोर्डांना मागे डावा-उजवा असे दोन आउटपुट नसतात, फक्त हेडफोनचा एक जॅक असतो. वादक बाजारातून दोन्ही टोकांना तीन कड्यांची पाव इंची पिन असलेली केबल आणतो, एक टोक हेडफोनच्या जॅकमध्ये आणि दुसरे साऊंड कार्डाच्या इनपुटमध्ये घालतो. पिना नीट बसतात, मीटर हलतो, आवाज येतो. पण पियानो विहिरीतून आल्यासारखा ऐकू येतो, बेस नाहीसा झालेला असतो आणि रिव्हर्ब मात्र ठळक असतो. कारण असे, की साऊंड कार्डाचा तीन कड्यांचा जॅक 'बॅलन्स्ड' असतो आणि तो एका कड्यावरच्या सिग्नलमधून दुसऱ्या कड्यावरचा सिग्नल वजा करतो. लांब केबलवर बाहेरून येणारी घुमघुम दोन्ही तारांवर सारखीच असल्यामुळे ती या वजाबाकीत नाहीशी व्हावी, हा त्यामागचा हेतू आहे. हेडफोनच्या जॅकमध्ये मात्र एका कड्यावर डावी आणि दुसऱ्यावर उजवी बाजू असते. डावीतून उजवी वजा केली, की दोन्हींत सारखे असलेले सगळे, म्हणजे बेस, ढोल आणि मुख्य सूर, पुसले जाते आणि दोन्हींत वेगळे असलेले तेवढे उरते. उपाय स्वस्त आहे: एका बाजूला तीन कड्यांची आणि दुसऱ्या बाजूला दोन कड्यांच्या दोन पिना असलेली वाय केबल घ्यावी, आणि कार्डाच्या दोन्ही इनपुटमध्ये एकेक पिन घालावी. हा दोष माहीत नसल्यामुळे चांगले साऊंड कार्ड परत केलेले मी पाहिले आहे.

ज्यांच्या कीबोर्डला दोन आउटपुट आहेत, त्यांनी 'एल/मोनो' आणि 'आर' या दोन्हींतून साध्या दोन कड्यांच्या केबली घ्याव्यात. फक्त एल/मोनोत पिन घातली तर कीबोर्ड स्वतःच दोन्ही बाजू एकत्र करतो, आणि काही स्टिरिओ पियानो व स्ट्रिंग्स त्या बेरजेत दबके होतात. केबल तीन मीटरपेक्षा लांब नसावी. लेव्हलचा नियमही साधा आहे: कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ते पूर्णाच्या दरम्यान ठेवावा, कार्डाचा गेन अगदी खालून सुरू करून वाढवत न्यावा, आणि सर्वांत जोराचा भाग वाजवताना मीटरचे टोक उणे १२ डीबीच्या आसपास थांबेल असे पाहावे. शून्याला लागले की फाटले. फाटलेले नंतर शिवता येत नाही.

मिडी: आवाज बिघडत नाही, कारण आवाज जातच नाही

१९८३ मध्ये मिडी आले तेव्हा त्याचा हेतू वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे हा होता, आणि आजही त्यातून फक्त सूचनाच जातात. मिडीने रेकॉर्ड केल्यावर आवाज संगणकातले सॉफ्टवेअर तयार करते. म्हणून घुमघुम नाही, सरसर नाही, आणि चुकलेली एक पट्टी माऊसने दुरुस्त करता येते, गाणे दोन स्वर खाली नेता येते, पियानोच्या जागी सतार बसवता येते. ज्याला संगीत संयोजन शिकायचे आहे त्याच्यासाठी ही सर्वोत्तम वाट आहे.

ऑर्केस्ट्रातल्या वादकासाठी मात्र ती बहुधा निराशाजनक ठरते. त्याची सगळी ओळख त्याच्या कीबोर्डमधल्या टोनवर, वर्षानुवर्षे जमवलेल्या ढोलकी आणि लावणीच्या रिदमवर उभी असते. ते टोन मिडीतून जात नाहीत. दुसरी अडचण लेटन्सीची. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर बफरवर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून हाताळतो त्यावर, अवलंबून असतो: ४४.१ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर सुमारे ३ मिलिसेकंदांचा आणि ५१२ चा सुमारे १२ मिलिसेकंदांचा असतो, आणि त्यावर ड्रायव्हरचा वेळ वेगळा. विंडोजवर असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात नेणारे सॉफ्टवेअर) नसेल तर हा उशीर हाताला जाणवण्याइतका होतो आणि लयीत वाजवणे अशक्य होते. बफर लहान केला तर टक्-टक् सुरू होते. कीबोर्डचा स्वतःचा आवाज रेकॉर्ड करताना हा प्रश्न उद्भवत नाही, कारण वादक थेट कीबोर्डचाच आवाज ऐकत असतो. तिथे बफर ५१२ किंवा १०२४ खुशाल ठेवावा.

ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही एकदम घ्यावे, आवाज साऊंड कार्डातून आणि मिडी वेगळ्या ट्रॅकवर. मात्र इथे एक सापळा आहे. ऑडिओ केबल कार्डाला आणि यूएसबी केबल लॅपटॉपला, अशा दोन्ही वाटांनी कीबोर्ड जोडला की दोन यंत्रांच्या अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण होते आणि संगणकाची बारीक शिट्टी रेकॉर्डिंगमध्ये उतरू शकते. कीबोर्डला जुन्या पद्धतीचा पाच पिनांचा मिडी जॅक असेल तर यूएसबीऐवजी तो वापरावा. त्या जोडणीत सूचना प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे जातात, तारेने तार जोडली जात नाही, आणि शिट्टी थांबते.

नागपूरची वीज, उन्हाळा आणि कूलर

जी घुमघुम वर्षभर नसते आणि एप्रिलमध्ये अचानक सुरू होते, तिचे कारण खिडकीत बसलेले असते. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या शहरात कूलर बंद ठेवून रियाझ करा असे कोणी कोणाला सांगणार नाही, आणि कीबोर्ड रेकॉर्ड करताना त्याची गरजही नाही. केबलमधून जाणाऱ्या आवाजात खोलीतला आवाज येत नाही. गायकाला पहाटे बोलवावे लागते, कीबोर्ड भर दुपारी घेता येतो. अट एवढीच, की कूलरची मोटर, त्याचा पाण्याचा पंप, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि आपली ध्वनियंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नसावीत, आणि ऑडिओ केबल विजेच्या तारेला समांतर, तिला गुंडाळून नेऊ नये. तारा एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात.

घुमघुमीचा उगम शोधण्याची रीत अशी: रेकॉर्डिंग चालू ठेवून लॅपटॉपचा चार्जर काढावा. घुमघुम त्याच क्षणी थांबली तर दोष चार्जरच्या आणि अर्थिंगच्या बाजूचा आहे. इतवारी-महालातल्या जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तार असतेच असे नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर बोट फिरवल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेही त्याचे लक्षण असू शकते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणे हे साऊंड कार्डापेक्षा आधीचे काम आहे. अर्थिंग नीट असूनही घुमघुम राहिली, तर लॅपटॉप, कार्ड आणि पॉवर्ड स्पीकर हे सगळे एकाच बोर्डावर आणावेत. तरीही भागले नाही तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे तारेने तार न जोडता आवाज पुढे नेणारी पेटी, मध्ये घालावा. स्टिरिओसाठी तो दोन वाहिन्यांचा लागतो. गाडीच्या स्टिरिओसाठी मिळणारा स्वस्त 'ग्राउंड लूप आयसोलेटर'ही घुमघुम काढतो, पण आतला ट्रान्सफॉर्मर लहान असल्यामुळे खालचा बेसही थोडा घेऊन जातो. प्लगची तिसरी पिन तोडून घुमघुम घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

यूएसबी ऑडिओ आणि पेन ड्राइव्ह या दोन वाटांना वरच्या परिच्छेदांतले जवळजवळ काहीच लागू नाही. घरची वीज खराब असेल आणि घर भाड्याचे असेल, तर निवडीच्या वेळी ही बाब माझ्या दृष्टीने दर्जाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जड आहे.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम आहे. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टक्-टक् सुरू होते. गादीवर ठेवलेला लॅपटॉप पाटावर ठेवला, वायफाय बंद केले आणि ब्राउझर मिटला, तर बरेचदा तेवढ्याने भागते.

सॉफ्टवेअरमधल्या दोन चुका

विंडोज अनेकदा इनपुटला माणसाचे बोलणे समजते आणि त्यावर आवाज-सुधारणा लावते. व्हिडिओ कॉलमध्ये पंख्याचा आवाज दाबणारी हीच सुधारणा स्ट्रिंग्सच्या लांब सुराला गोंगाट समजून दाबू लागते. सूर दोन सेकंद ठीक वाजतो आणि मग बुडू लागतो. साऊंड सेटिंगमध्ये त्या इनपुटसाठी 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करावीत. दुसरी चूक सॅम्पल रेटची, म्हणजे किलोहर्ट्झच्या आकड्याची, आहे. कीबोर्ड किंवा कार्ड ४८ वर चालत असेल आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला प्रोजेक्ट ते ४४.१ समजून वाचत असेल, तर गाणे संथ होते आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर खाली जातो. काळी एक मध्ये वाजवलेले गाणे दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लटकते. दोन्हीकडे एकच आकडा ठेवला की हे संपते.

कोणी काय घ्यावे

कीबोर्डच्या यूएसबीतून आवाज जात असेल, किंवा पेन ड्राइव्हवर वेव्ह फाइल घेता येत असेल, आणि फक्त कीबोर्डच रेकॉर्ड करायचा असेल, तर केबल किंवा पेन ड्राइव्हपलीकडे एक रुपयाही खर्च करू नये. या सोयी नाहीत आणि माइकही लावायचा नाही, तर आरसीए लाइन इनपुटचे लहान उपकरण पुरे. कीबोर्ड एका दिवशी आणि गायक दुसऱ्या दिवशी घेणार असाल, तर दोन सारख्या इनपुटचे कार्ड घ्यावे. दोघांना एकाच वेळी घ्यायचे असेल तर दोनाने भागत नाही, कारण स्टिरिओ कीबोर्डने दोन्ही जागा अडवलेल्या असतात, आणि चार इनपुटचे कार्ड किंवा कीबोर्ड मोनो घेण्याची तडजोड यांतून निवड करावी लागते. लग्नसराईच्या आधी घाईने दोन इनपुटचे कार्ड घेणारे इथेच फसतात. शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मिडीपासून सुरुवात करावी आणि साऊंड कार्डाचे पैसे पुढच्या वर्षावर ढकलावेत.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदीला जाताना घरचीच केबल आणि शक्य असेल तर स्वतःचा लॅपटॉप सोबत न्यावा. दुकानात टेबलावर कोणताही कीबोर्ड असतोच. दोन्ही पिना लावून पडद्यावर दोन मीटर वेगवेगळे हलतात का ते पाहावे, एक पिन काढल्यावर एकच थांबतो का ते पाहावे, आणि नंतर झाकणावर नखाने टकटक करून मीटर स्थिर राहतो याची खात्री करूनच पैसे द्यावेत.